साहिलकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "‘साराभाई वर्सेस साराभाई’ पहिल्यांदा लागली तेव्हा फारशी चालली नव्हती म्हणतात. मग आज जो तो तिला क्लासिक का म्हणतो? ही कमाल कलाकारांची की लेखनाची? आणि तिच्यामुळे पुढे टीव्हीवर नेमकं काय बदललं?"

मी गेली बावीस वर्षं मालिकांचे संवाद लिहिते. मराठी जास्त, हिंदी थोडे. त्यातली सहा-सात वर्षं विनोदी मालिकांवर गेली. आमच्याकडे नवा लेखक आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "मॅडम, साराभाईसारखं का नाही लिहीत आपण?" त्यामुळे उत्तर तोंडपाठ असायला हवं होतं, पण दर वेळी थोडं बदलतं. आज जे वाटतं ते सांगते.

चालली नव्हती हे खरं. 1 नोव्हेंबर 2004 ला, सोमवारी, स्टार वन या नव्या कोऱ्या वाहिनीवर ही हिंदी विनोदी मालिका सुरू झाली आणि 2006 च्या एप्रिलमध्ये गुंडाळली. आठवड्यातून एकदा, त्यामुळे सगळे मिळून भाग सत्तरच्या आसपास. रोजच्या मालिकेचे एवढे भाग साडेतीन महिन्यांत होतात. त्याच काळात स्टारच्याच मुख्य वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जोरात होती. देशभर सासवा-सुना एकमेकींविरुद्ध कट रचत होत्या आणि ते कट रोज रात्री बघितले जात होते. साराभाईतही सासू-सूनच होत्या, उच्चभ्रू सासू माया आणि मध्यमवर्गीय घरातून आलेली सून मोनिशा, हे लोक विसरतात. लेखक आतिश कपाडियांनी वेगळा विषय शोधलाच नाही. बाजारात जो माल खपत होता तोच उचलला आणि त्यातलं विष काढून टाकलं. माया मोनिशाचा छळ करते, पण त्यासाठी कारस्थान करत नाही. जे बोलायचं ते दिवाणखान्यात, सगळ्यांदेखत, गोड आवाजात बोलते. आणि मोनिशा रडत नाही. मालिकेच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘ट्रॅक’च, म्हणजे भागामागून भाग पुढे सरकणारं कथानकच, नाही. पुढच्या सोमवारी काय होईल याची कुणाला काळजी नाही.

टीआरपी न मिळण्याचं मोठं कारण तेच. तेव्हाचा टीआरपी म्हणजे निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढलेला आठवड्याचा आकडा. तो सवय मोजतो. रोज साडेदहाला टीव्ही लावायची सवय ज्या मालिकेने लावली, तिचा आकडा चढतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या, ‘पुढे काय’ नसलेल्या मालिकेची सवय कशी लागणार? सोमवार चुकला की चुकला. मोबाइलवर नंतर बघायची सोय नव्हती. शिवाय वाहिनी नवी, केबलवाल्याकडे कुठल्या नंबरवर लागते तेच अर्ध्या घरांना माहीत नसायचं.

पुढे जे घडलं तेही याच कारणाने घडलं. यूट्यूब आलं, 2015 ला हॉटस्टार आलं, आणि ‘पुढे काय’ नसणं हाच मालिकेचा गुण ठरला. कुठलाही भाग काढा, मधूनच लावा, जेवताना दहा मिनिटं बघा, काही अडत नाही. रोजची मालिका संपल्यावर पुन्हा कोण बघतं? तिची सगळी ताकद उत्कंठेत असते आणि उत्कंठा एकदाच वापरता येते. साराभाई लोकांनी पाच-पाच वेळा बघितली. ‘पाचव्यांदा’ हा आकडा मोजायचं यंत्र 2005 साली कुणाकडे नव्हतं.

पण पाचव्यांदा बघावीशी का वाटते? विनोद तर पाठ झालेला असतो.

इथे कलाकारांकडे यावं लागतं. यादी सगळ्यांना माहीत आहे, तरी एका ठिकाणी असलेली बरी. इंद्रवदन म्हणजे सतीश शाह, माया म्हणजे रत्ना पाठक शाह, थोरला मुलगा साहिल सुमीत राघवन, त्याची बायको मोनिशा रुपाली गांगुली, धाकटा रोसेश राजेश कुमार. जावई दुष्यंतच्या भूमिकेत देवेन भोजानी, जे मालिकेचे दिग्दर्शकही होते. आणि कानाने कमी ऐकणारे मधुसूदन फुफा म्हणजे अरविंद वैद्य. निर्मिती जे. डी. मजेठिया आणि आतिश कपाडिया यांच्या हॅट्स ऑफची. दोन वर्षं आधी स्टार प्लसवर ‘खिचडी’ आणणारी हीच मंडळी, आणि बहुतेक गुजराती रंगभूमीवर मुरलेली.

वयं बघा जरा. मालिका सुरू झाली तेव्हा सतीश शाह 53 वर्षांचे, रत्ना पाठक 47 च्या, आणि त्यांचा थोरला मुलगा झालेले सुमीत राघवन 33 चे. म्हणजे पडद्यावरची आई मुलाहून अवघी चौदा वर्षांनी मोठी. तुम्हाला कधी खटकलं? मला नाही. माया ज्या बाई आहेत त्यांचं वय विचारायची कुणाची छाती नाही, हा भाग वेगळा.

रत्ना पाठक राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. आई दीना पाठक, म्हणजे गुजराती-हिंदी रंगभूमीचं घरच. 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर ‘इधर उधर’ नावाची विनोदी मालिका होती, तिच्यात त्या आणि बहीण सुप्रिया पाठक दोघी होत्या. पुढे वीस वर्षांनी याच दोन बहिणींनी एकाच निर्मात्यांच्या दोन मालिकांत दोन टोकं उभी केली. खिचडीतली हंसा, जिला साधा इंग्रजी शब्द कळत नाही, आणि साराभाईतली माया, जी समोरच्याच्या इंग्रजीवरून त्याची सात पिढ्यांची पत काढते. माझ्या मते भारतीय टीव्हीवर विनोदाची इतकी मोठी पल्लेदार रेघ दुसऱ्या कुठल्याही एका घराने ओढलेली नाही.

मायाच्या अभिनयातली खरी गोष्ट आवाजात आहे. ती चिडते तेव्हा आवाज चढत नाही, उतरतो. शब्द सावकाश होतात. ‘मिडल क्लास’ हे दोन शब्द ती असे उच्चारते की जणू रोगाचं नाव डॉक्टर नातेवाइकांना हळूच सांगतोय. लेखकाने कितीही चांगला टोमणा लिहिला तरी तो किंचाळून म्हटला की टोमण्याची शिवी होते. हे मी स्वतःच्या मालिकांत भरपूर वेळा होताना पाहिलंय.

सतीश शाहांबद्दल काय लिहायचं? 1984 च्या ‘ये जो है जिंदगी’त दर भागात नवा माणूस होऊन येणारा हा नट. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी, आणि ‘जाने भी दो यारों’मध्ये प्रेत होऊनही सगळ्यांत जास्त हशा घेऊन जाणारा. पुन्हा वाचा ते, प्रेत होऊन. बोलायचं नाही, डोळे हलवायचे नाहीत, आणि तरी लोक त्याच्याकडेच बघतायत. हे ज्याला जमलं त्याला इंद्रवदन सोपा असणार. इंद्रवदन हा घरातला सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत लहान माणूस. खोड्या काढतो, सुनेची बाजू घेऊन बायकोला डिवचतो, धाकट्या मुलाला छळतो. 25 ऑक्टोबर 2025 ला सतीश शाह गेले. त्यांना निरोप द्यायला जमलेल्या साराभाईच्या मंडळींनी तिथेच मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. एकत्र जमलं की ते गाणं म्हणायचंच अशी त्यांची रीत होती, ती त्या दिवशीही त्यांनी मोडली नाही. तो व्हिडिओ मी अर्धाच बघू शकले.

रुपाली गांगुली त्याआधी ‘संजीवनी’त होत्या, विनोदी नटी म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. वडील दिग्दर्शक अनिल गांगुली, ‘कोरा कागज’ आणि ‘तपस्या’वाले. मोनिशा ही नोएडाची पंजाबी मुलगी. मूळ नाव मनीषा. पण मनीषा फारच मध्यमवर्गीय, म्हणून सासूने मोनिशा करून टाकलं. या एका तपशिलात अख्खी मालिका बसते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची पद्धत होतीच. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कपाडियांनी ती पद्धत उचलली, तिच्यातलं कुंकू काढलं आणि वर्ग घातला. हसता हसता कुणाच्या लक्षातही आलं नाही की ही जबरदस्तीच आहे. मोनिशाच्या मात्र लक्षात आहे. ती सेलमधून वस्तू आणत राहते, घर पसरून ठेवते, पिशव्या जपून ठेवते, आणि तिला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. तिला लाज वाटली असती तर ही मालिका बघवली नसती.

आता साहिल. हा माझा आवडता विषय आहे आणि माझ्या उत्तराचा गाभाही.

कुणालाही विचारा, साराभाईतलं आवडतं पात्र कोण? निम्मे माया म्हणतील, निम्मे रोसेश. साहिल कुणी म्हणत नाही. साहिल कॉस्मेटिक सर्जन आहे, आई आणि बायको यांच्या मधे उभा आहे, आणि त्याच्या वाट्याला विनोदी वाक्यं सगळ्यांत कमी आहेत. घरातला एकुलता शहाणा माणूस. तो काढून टाका आणि मालिका मनात चालवून बघा. माया टोमणा मारते, मोनिशा उत्तर देते, रोसेश कविता म्हणतो, इंद्रवदन टाळी देतो. चार वेड्यांचं घर. पंधरा मिनिटांत डोकं दुखायला लागेल.

विनोद बोलणाऱ्याच्या तोंडात जन्मतो, पण पोचतो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. नाटकवाल्यांना हे माहीत असतं. ज्याच्याकडे पंच, म्हणजे हशाचं वाक्य, आहे तो नट मोठा, पण ज्याने त्याला फीड दिला, म्हणजे त्या वाक्याची वाट तयार केली, आणि पंचनंतर श्वास रोखून धरला, त्याच्यावाचून हशा येत नाही. रोसेशची कविता आठवा. विषय कुठलाही असो, चिमणी असो की स्वयंपाकघरातलं भांडं, मधेच विचित्र आवाज येणार आणि यमक असं जुळणार की जुळलं नसतं तर बरं. कागदावर ती कविता एकदाच हसवते. पडद्यावर ती तीनदा हसवते. एकदा रोसेश म्हणतो तेव्हा. एकदा मायाचा चेहरा दिसतो तेव्हा, कारण ती भारावलेली असते. आणि तिसऱ्यांदा साहिल दिसतो तेव्हा. तिसरं हसू सगळ्यांत मोठं असतं, कारण त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं की या खोलीत आपल्यासारखा एक माणूस आहे आणि त्याची सुटका नाही.

सुमीत राघवन आपल्याकडे नवे नव्हतेच. ज्यांनी 1987 च्या सुमाराची दूरदर्शनवरची ‘फास्टर फेणे’ पाहिली आहे त्यांना तो ‘ट्टॉक्’ करणारा पोरगा आठवत असेल. तो हाच. पुढे मराठी नाटकं, ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’मधले डॉ. लागू, रंगभूमीवरचा हॅम्लेट. गळाही चांगला. म्हणजे ज्याला सगळं येतं असा नट, आणि साराभाईत त्याने काय केलं? आपल्याला काय काय येतं ते दीड वर्ष लपवून ठेवलं. दुसऱ्याच्या वाक्यावर हशा पडेल याची व्यवस्था करत राहिला. मला विचाराल तर त्या मालिकेतलं सगळ्यांत अवघड काम हे होतं.

एक स्वतःचा अनुभव सांगते, म्हणजे मी हे का म्हणते ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका विनोदी मालिकेवर होते. मालिकेचं आणि वाहिनीचं नाव महत्त्वाचं नाही. एका भागात आजोबा जेवायला बसतात, आमटीचा पहिला घास घेतात आणि सुनेला म्हणतात, "छान झालीय. पाणी कुठलं वापरलंस?" वाक्य बरं होतं, आजोबांचं काम करणाऱ्या काकांनी झकास म्हटलं होतं. त्यानंतर कॅमेरा मुलावर. मुलगा आजोबांकडे बघतो, बायकोकडे बघतो, मग ताटात बघतो आणि आमटीची वाटी हळूच स्वतःकडे ओढून प्यायला लागतो. एकूण चार-साडेचार सेकंद. भाग पन्नास सेकंदांनी लांबला होता. वाहिनीचे क्रिएटिव्ह, म्हणजे मालिकेवर वाहिनीतर्फे नजर ठेवणारे, एडिटला येऊन बसले आणि म्हणाले, जिथे कुणी बोलत नाहीय ते सगळं उडवा. उडवलं. वाटी गेली. भाग लागला त्या रात्री घरी सगळ्यांबरोबर बघत होते. आजोबांचं वाक्य आलं, लगेच कट होऊन पुढचं वाक्य आलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं, "आमटीत काय झालं होतं?" चूक एडिटरची नाही, त्याला पन्नास सेकंद काढायचे होते. पण वाक्य ठेवून ऐकणारा कापला की उरतं ते नुसतं वाक्य.

साराभाई आता बघताना मी घड्याळ लावून बघते. भोजानींनी ऐकणाऱ्यांना वेळ दिलाय. मायाचं वाक्य संपल्यावर मोनिशा, मग साहिल, मग बहुतेक वेळा इंद्रवदनचा खुललेला चेहरा. दिग्दर्शक स्वतः नट असल्याचा हा फायदा. ‘देख भाई देख’मधला करीमा ज्यांना आठवतो त्यांना कळेल की भोजानींना कोपऱ्यात उभं राहून हशा कसा घ्यायचा हे चांगलं ठाऊक आहे. मोठी माणसं बोलतायत, आपण बाजूला उभे आहोत आणि तरी आपला क्षण आहे, हे ज्याने केलंय तो दिग्दर्शक झाला की बाजूला उभ्या असलेल्यांना विसरत नाही.

त्यांचा दुष्यंतही बघा. घरात काही बिघडलं की तो ते उघडून बसणार आणि त्यातला प्रत्येक भाग काय काम करतो ते समजावणार. हे पात्र फक्त बोलतं. पण विनोद त्याच्या बोलण्यात नसून ज्यांना ते ऐकावं लागतं त्यांच्या हालात आहे. फुफांचं उलट. त्यांना ऐकूच येत नाही. एक "हैं?" आणि समोरच्याने जमवत आणलेलं सगळं पाण्यात. सहा पात्रं नुसती ऐकण्याच्या पद्धतीवरून वेगळी करता येतात. मायाला समोरच्याचे उच्चार ऐकू येतात, मजकूर नाही. मोनिशाला टोमणा ऐकू येतो पण लागत नाही. इंद्रवदन फक्त खोडीला वाव कुठे आहे तेवढंच ऐकतो. रोसेश स्वतःला ऐकतो. फुफा काहीच ऐकत नाहीत. आणि साहिल सगळं ऐकतो, बिचारा.

तेव्हा कलाकार की लेखन, याचं उत्तर असं: लेखकाने पात्रांना बोलण्याच्या तऱ्हा दिल्या, नटांनी त्यांना ऐकण्याच्या तऱ्हा दिल्या. पहिलं काम एकट्याने करता येतं. दुसरं सगळे नट रंगभूमीवर एकमेकांची वाक्यं ऐकत वाढलेले असले तरच होतं. म्हणून तीच संहिता दुसऱ्या पाच जणांना द्या, तीच वाक्यं असतील आणि हशा नसेल.

मराठी वाचकांसाठी एक आडवळण. साराभाई सुरू झाली त्या काळात आपल्याकडे अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ होती. दिलीप प्रभावळकर, राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक. केदार शिंदेंचं दिग्दर्शन, प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर बेतलेली. तीही कौटुंबिक, तीही ट्रॅकविना. टिपऱ्यांचं घर म्हणजे माया ज्याला नाक मुरडेल नेमकं ते घर. टिपरे मध्यमवर्गाच्या आत बसून मध्यमवर्गाकडे बघतात, साराभाई कफ परेडच्या, दक्षिण मुंबईतल्या श्रीमंत वस्तीच्या, खिडकीतून. टिपऱ्यांत हसू प्रेमातून येतं, साराभाईत भीतीतून. मायाची भीती अशी की आपणही त्यातलेच निघालो तर? म्हणूनच ती इतकी जागरूक. दोन्ही मालिका एका आठवड्यात बघून झाल्या की माणसाला आपण नेमके कुठल्या खोलीत बसतो ते कळतं. मी टिपऱ्यांची. पण घरी पाहुणे येणार असले की माझी माया होते. त्या दिवशी स्टीलची भांडी आत, काचेची बाहेर.

सगळंच अजून ताजं आहे असं मात्र नाही. रोसेश पुरेसा ‘पुरुषी’ नाही यावरचे विनोद आज बघताना मला अवघडायला होतं. त्याचा आवाज, चालणं, आईला चिकटून असणं यावर इंद्रवदन जे बोलतो त्यातलं बरंच तेव्हा हसून सोडलं, आता तसं सोडवत नाही. राजेश कुमारांनी त्या पात्राला एक निरागस मस्ती दिली आहे, रोसेश स्वतःवर बेहद्द खूश आहे, त्यामुळे ते बचावतं. पण बचावतं नटामुळे, लेखनामुळे नाही. मोनिशाचं पंजाबीपणही अधूनमधून साच्यातलं वाटतं.

2017 ला हॉटस्टारवर दुसरं पर्व आलं. सगळे परत आले याचा आनंद पहिल्या भागापुरता पुरला. तोवर सगळ्या पात्रांना आपण प्रसिद्ध आहोत हे कळलेलं होतं. रोसेश कविता म्हणणार हे त्याला माहीत, आपल्याला माहीत, आणि साहिललाही माहीत. साहिलला जे आधीच माहीत आहे त्यावर तो दचकणार कसा?

वारसा म्हणाल तर उद्योग म्हणून टीव्हीने साराभाईपासून काही घेतलं असं मला वाटत नाही. 2008 ला सब टीव्हीवर ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ आली, रोज येऊ लागली आणि आकडेही मिळवू लागली. त्यानंतर कुठल्याही वाहिनीला आठवड्यातून एकदा येणाऱ्या विनोदी मालिकेसाठी पटवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. रोज भाग द्यायचा म्हणजे शूटिंग आणि लेखन एकमेकांच्या मागे धावतं. सकाळच्या सीनची पानं सकाळीच सेटवर पोचतात, नट मेकअप करता करता वाचतात. त्यात एकमेकांना ऐकायला वेळ कुठला! साराभाईची खरी वंशावळ वेबवर सापडते. ‘गुल्लक’सारख्या मालिका बघताना जाणवतं की पाच-सहा भागांचं पर्व लिहिणाऱ्याला पुन्हा ती चैन मिळाली आहे, गप्प बसलेल्या माणसावर कॅमेरा ठेवायची.

माणसांच्या रूपाने मात्र वारसा टीव्हीभर पसरलाय, आणि त्यात नियतीच्याही खोड्या आहेत. साहिल 2021 ला ‘वागले की दुनिया’त राजेश वागळे झाला, याच निर्मात्यांच्या मालिकेत. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला 1988 चा मूळ वागळे, म्हणजे अंजन श्रीवास्तव, आणि भारती आचरेकर तिथे त्याचे आई-वडील. कफ परेडचा मुलगा अखेर मध्यमवर्गात येऊन पोचला, मायाला कळलं तर घेरी येईल. आणि मोनिशा? 2020 पासून रुपाली गांगुली ‘अनुपमा’ आहेत. ज्या आकड्यांनी साराभाई बंद पाडली, त्याच आकड्यांच्या यादीत ही मालिका आठवड्यांमागून आठवडे पहिली असायची. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तिचंच आपल्याकडचं रूप ‘आई कुठे काय करते’. त्या अनुपमाचे सासरे, बापूजी, कोण आहेत? अरविंद वैद्य. फुफा. तिथे त्यांना सगळं नीट ऐकू येतं.

नव्या लेखकांना मी आता ‘साराभाईसारखं लिही’ असं कधीच सांगत नाही. एक गृहपाठ देते. कुठलाही भाग लावा. दिवाणखान्यातला सीन आला, माया बोलायला लागली, की तिच्याकडे बघू नका. ते अवघड जाईल, पण बघू नका. आवाज बंद केला तरी चालेल. सोफ्याच्या कडेला किंवा दाराजवळ साहिल उभा असेल, त्याच्याकडे बघा. आधी त्याच्या भुवया, मग मान, मग एक हात जो बोलायला म्हणून वर येतो आणि तसाच खाली जातो.